घरात प्रवाळांची टाकी उभारताना: वीज गेल्यावर पाणी कुठे जाईल, तिथून सुरुवात करा

प्रवाळांची टाकी बांधायची म्हटलं की मन आधी काचेकडे धावतं. किती लांब, किती उंच, कोणत्या भिंतीला शोभेल. मी मात्र पहिल्या दिवशी कोरा कागद घेऊन त्यावर तीन प्रश्न लिहायला सांगतो. वीज गेली तर कोणतं पाणी कुठे जाईल? वरून खाली येणारा निचऱ्याचा पाइप तुंबला तर? आणि बाष्पीभवनाची भरपाई करणारा छोटा पंप अडकून चालूच राहिला तर? या तिन्हींची उत्तरं लिटरमध्ये लिहिता आली की टाकीचा निम्मा आराखडा तयार झाला असं समजा.

प्रवाळ ज्या समुद्रात वाढतात तिथली क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण, वर्षानुवर्षं जवळपास जागची हलत नाही, तापमान ऋतूप्रमाणे सावकाश बदलतं. घरातल्या चारशे लिटरमध्ये मात्र हे सगळं एका दिवसात हलू शकतं. म्हणून या टाकीखालचं प्रत्येक यंत्र काहीतरी जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी असतं, आणि प्रत्येक यंत्र कधी ना कधी बंद पडतं. ते बंद पडण्याची सोय बांधतानाच करायची.

आणखी एक काम आधी उरकून घ्या. बहुतेक सगळे कठीण प्रवाळ साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतात आणि काही देशांत ते बाळगण्यावरच बंदी आहे. तुम्ही राहता तिथला कायदा काय म्हणतो ते काच कापण्याआधी पाहा. जिथे परवानगी आहे तिथेही समुद्रातून तोडलेल्या प्रवाळापेक्षा टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचा तुकडा घ्या. तो टाकीतल्या आयुष्याला सरावलेला असतो आणि त्याच्यासाठी कुठलंही प्रवाळबेट खरवडावं लागलेलं नसतं.

माप आणि वजन

हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून एकच टाकी धरून चालू: १२० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद, ५० सेंमी उंच. काठोकाठ भरली तर ३६० लिटर. पहिल्या टाकीसाठी हे माप मला फार आवडतं. याहून लहान टाकीत चुकीला जागा उरत नाही, आणि याहून उंच टाकीत हात तळापर्यंत पोचत नाही, उजेडही खाली जाईपर्यंत कमी होतो. शक्य असेल तिथे उंचीऐवजी रुंदी वाढवा. ६० सेंमी रुंदीमुळे खडकाच्या मागून पाणी फिरतं आणि समोर वाळूची मोकळी पट्टीही राहते.

आता वजन. पाणी सुमारे ३२० किलो, काच ७५, खडक आणि वाळू मिळून ६०, खालचा संप (पाणी साफ करणारी दुसरी टाकी) पाण्यासकट १२०, स्टँड ६०. बेरीज सहाशे किलोंच्या पुढे जाते, आणि ती पाऊण चौरस मीटरवर बसते. राहत्या घरांची जमीन साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोंच्या आसपास सरसकट भार धरून आखलेली असते. म्हणजे टाकी खोलीच्या मधोमध ठेवायची वस्तू नाही. ती तुळईच्या वर किंवा भार पेलणाऱ्या भिंतीला लागून, तुळयांना आडवी येईल अशी ठेवा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर इमारतीचा आराखडा समजणाऱ्या अभियंत्याला एकदा विचाराच. इथे अंदाज चालत नाही.

जागा निवडताना थेट ऊन टाळा. जवळ वेगळ्या सर्किटचा वीजपॉइंट हवा, आणि बादल्या घेऊन न अडखळता मोरीपर्यंत जाता यायला हवं. दर आठवड्याला पाणी काढायचं आहे.

काच

काचेची जाडी ठरते ती पाण्याच्या उंचीवर आणि काचेच्या लांबीवर. टाकी पुढून मागे किती रुंद आहे याचा समोरच्या काचेवरच्या दाबाशी संबंध नाही. आपल्या टाकीत समोरच्या काचेवर एकूण जोर येतो तो सुमारे दीडशे किलोंचा, आणि तो तळाकडे वाढत जातो. या मापाला वरच्या कडेने पट्ट्या लावल्या तर १० मिमी काच चालते, पण मी १२ मिमी घेईन. समोरची काच कमी लोहाची घेतली तर हिरवट झाक जाते आणि प्रवाळांचे रंग खरे दिसतात. बाकीच्या बाजूंना साधी काच पुरते.

माझं स्पष्ट मत असं की पहिली मुख्य टाकी अनुभवी कारागिराकडून बांधून घ्यावी आणि संप स्वतः बांधावा. संपात पाण्याची उंची कमी, दाब कमी आणि शिकायला मिळतं सगळंच. ॲसिटिक वासाचं, बुरशीनाशक न मिसळलेलं शंभर टक्के सिलिकॉन घ्या. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते इथे नको. काचेच्या कडा ॲसिटोनने पुसा आणि पुसलेल्या जागी पुन्हा बोट लावू नका. जोडाच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. सिलिकॉनची सलग वळी सोडून काच बसवा, दोन काचांमध्ये एक-दीड मिमी सिलिकॉन राहू द्या, जोर लावून सगळं बाहेर पिळून काढू नका. वरची साय धरण्याआधी टेप ओढून काढा. मग आठवडाभर हात लावायचा नाही.

पाइपसाठी भोकं पाडायची असतील तर ती टाकी जोडण्याआधी, हिऱ्याच्या कणांच्या होल-सॉने, सतत पाणी सोडत आणि अजिबात न दाबता पाडायची. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकी दूर ठेवा. टफन्ड काचेला भोक पाडता येत नाही. ड्रिल टेकवलं की सगळी काच चुरा होते. तयार टाकी विकत घेत असाल तर तळाची काच टफन्ड आहे का हे विचारून घ्या.

स्टँड ८० ते ९० सेंमी उंच ठेवा. खाली संप बसेल एवढ्यावर समाधान मानू नका, स्किमरचा (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप वर उचलून काढायलाही जागा हवी. लाकूड वापरत असाल तर कापलेल्या प्रत्येक कडेला इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन लावा, कारण आतली खारट दमट हवा प्लायच्या कडेतूनच शिरते. टाकी चढवण्याआधी पाणसळ लावून चारही कडा तपासा.

संप: सगळा खेळ इथे आहे

संप म्हणजे खालची दुसरी टाकी. वरचं पाणी वाहून तिच्यात येतं, साफ होतं आणि पंपाने वर जातं. आपल्यासाठी ९० × ४५ × ४० सेंमीचा संप धरू. आत तीन खण करा. पहिल्यात वरून आलेलं पाणी पडतं, तिथे गाळणपिशवी. दुसऱ्यात स्किमर. मग अडीच-तीन सेंमी अंतरावर वर-खाली-वर अशा तीन आडव्या काचा, म्हणजे बुडबुडे तिथेच अडतात. शेवटच्या खणात रिटर्न पंप.

दुसऱ्या खणाची आडकाच किती उंच ठेवायची हे स्किमर ठरवतो. प्रत्येक स्किमर पाण्याच्या ठरावीक खोलीतच नीट फेस काढतो. ती खोली त्याच्या माहितीपत्रकात असते. आपण २० सेंमी धरू. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं तरी या खणातली पातळी हलत नाही, फक्त शेवटच्या खणात उतरते. म्हणून पाण्याची भर घालणाऱ्या पंपाचा सेन्सर शेवटच्याच खणात बसवायचा.

आता सुरुवातीचे तीन प्रश्न. चालू स्थितीत संपात सरासरी २२ सेंमी पाणी धरलं तर वर १८ सेंमी मोकळी जागा राहते. ९० गुणिले ४५ गुणिले १८, म्हणजे सुमारे ७३ लिटर.

वीज गेली की पंप थांबतो आणि पाणी रिटर्न पाइपातूनच उलटं खाली यायला लागतं. पाइपाच्या तोंडाला हवा लागेपर्यंत ते थांबत नाही. तोंड पातळीच्या ३ सेंमी खाली असेल तर १२० × ६० × ३, म्हणजे साडेएकवीस लिटर खाली येईल. पाइपांतलं धरून पंचवीस. संप ते आरामात पोटात घेतो. हेच तोंड खालपर्यंत प्रवाह पोचावा म्हणून १५ सेंमी खोल ठेवलं असेल तर १०८ लिटर खाली येईल, म्हणजे ३५ लिटर तुमच्या जमिनीवर. शिवाय पाइपाला पातळीच्या जरा खाली एक छोटं भोक पाडून ठेवा, त्यातून हवा शिरली की उलटा ओघ तुटतो. केवळ चेक व्हॉल्व्हवर, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर, विसंबू नका. खाऱ्या पाण्यात त्याच्या पाळीखाली एखादी गोगलगाय किंवा चुन्याची खपली अडकते आणि तो अर्धवट उघडा राहतो.

दुसरा प्रश्न: निचरा तुंबला तर पंप शेवटच्या खणातलं पाणी वर ढकलत राहील. तो खण २५ × ४५ सेंमी आणि पाणी २० सेंमी, म्हणजे साडेबावीस लिटर. मुख्य टाकीत त्याने पातळी ३ सेंमीपेक्षा थोडी जास्त वर येईल. म्हणून वरची पातळी काठापासून निदान ४ सेंमी खाली ठेवायची. शेवटचा खण लहान ठेवण्याचा मोह इथे उपयोगी पडतो, पण फार लहान केला तर थोड्याशा बाष्पीभवनानेही पंप कोरडा पडतो. हा तोल कागदावरच साधा.

तिसरा प्रश्न: भर घालणारा पंप अडकला तर त्याच्या डब्यातलं सगळं गोडं पाणी आत जाईल. डबा २० लिटरचा असेल तर एकूण ३८० लिटरमध्ये क्षारता दर हजारी ३५ वरून सव्वातेहतीसवर येईल. प्रवाळ तेवढं सोसतात. ६० लिटरचा डबा सोयीचा वाटतो, पण तोच धक्का तिथे जवळजवळ तिप्पट. आणि या पंपाची नळी कधीही संपाच्या पाण्यात बुडू देऊ नका. तिचा सायफन लागला तर पंप बंद असूनही डबा रिकामा होतो.

पाइप आणि वीज

निचऱ्यासाठी मी तीन पाइपांचीच रचना करतो, तिला बीनॲनिमल म्हणतात. पहिला पाइप पूर्ण भरून सायफनसारखा चालतो, त्याच्यावर गेट व्हॉल्व्ह. दुसऱ्यातून अगदी बारीक धार जाते. तिसऱ्याचं तोंड सगळ्यांत वर आणि तो नेहमी कोरडा. पहिले दोन तुंबले तर तो कामाला येतो. व्हॉल्व्ह असा फिरवायचा की पहिला पाइप जवळजवळ सगळं पाणी नेईल आणि उरलेलं दुसऱ्यातून ओघळेल. नीट जमलं की खळखळाट पूर्ण थांबतो आणि शेजारी बसून वाचता येतं. बॉल व्हॉल्व्हने हे साधत नाही, केसभर हललं की ओघ बदलतो. सायफनच्या पाइपाचं खालचं टोक संपाच्या पाण्यात दोन-तीन सेंमीच बुडवा. जास्त बुडवलं तर वीज परत आल्यावर आतली हवा बाहेर ढकलली जात नाही आणि सायफन सुरूच होत नाही.

पंपाजवळ आणि संपाच्या वर युनियन (हाताने उघडता येणारा पाइपाचा जोड) टाका, साफसफाईला पंप सुटा काढता आला पाहिजे. पाइप चिकटवणारं सिमेंट लावण्याआधी सगळं कोरडं जुळवून बघा. पाण्याच्या संपर्कात तांबं, पितळ किंवा लोखंडाचा एकही स्क्रू, क्लिप वा स्प्रिंग नको. तांबं अपृष्ठवंशी जिवांना फार थोड्या प्रमाणातही मारतं.

रिटर्न पंपाने तासाला टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरवलं तरी पुरे. प्रत्यक्ष उंचीवर चढवून आणि वळणांतून गेल्यावर छापील आकड्यापेक्षा बरंच कमी पाणी मिळतं, म्हणून तासाला ३००० लिटरचा, वेग कमी-जास्त करता येणारा पंप घ्या.

विजेच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही आणि तुम्हीही ऐकू नका. ३० मिलिॲम्पियरला तुटणारं अर्थ लीकेज संरक्षण हवंच. प्लगची पट्टी संपाच्या वर किंवा मागे न ठेवता बाजूच्या बंद कप्प्यात, उंचावर ठेवा. प्रत्येक तारेला प्लगकडे जाण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेला थेंब झोलाच्या तळाशी गळून पडेल. हीटर एका मोठ्याऐवजी दोन लहान घ्या आणि दोन्ही वेगळ्या तापमान-नियंत्रकावर चालवा. हीटरचा आतला स्विच चिकटून बसला तरी नियंत्रक वीज तोडतो, आणि एकच लहान हीटर चालू राहिला तरी तो टाकी उकळत नाही. तापमान २५ ते २६ अंशांवर ठेवा. हवा उष्ण असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर लावलेला पंखा दोन-तीन अंश उतरवतो. त्याहून जास्त उतरवायचं असेल तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र.

बॅटरीवर काय ठेवायचं? टाकीतला एक प्रवाह-पंप. दिवे दोन दिवस गेले तरी प्रवाळ तग धरतात, पण पाणी थांबलं की काही तासांत ऑक्सिजन उतरू लागतो आणि मासे आधी जातात.

सगळं जोडून झालं की गोड्या पाण्याने टाकी भरा, पंप चालू करा आणि मुख्य स्विच बंद करा. पाणी संपात उतरून थांबू द्या. थांबलं की तिथे बाहेरून कायमच्या मार्करने रेघ मारा. मग पुन्हा चालू करून चालू पातळीची दुसरी रेघ. हे पाच-सहा वेळा करा आणि दोन दिवस गळती पाहा. माझ्या एका जोडणीत चौथ्या वेळी एका युनियनमधून थेंब आला होता, पहिल्या तीन वेळा काहीच नव्हतं. तेव्हापासून मी एका चाचणीवर थांबत नाही.

पाणी आणि मीठ

नळाचं पाणी वापरू नका. त्यातले फॉस्फेट, नायट्रेट, सिलिकेट शेवाळाला खत होतात, आणि जुन्या पाइपांतून तांबं येऊ शकतं. क्रमाने गाळ अडवणारा फिल्टर, कार्बन, आरओ पडदा आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) अशी जोडणी लागते. कार्बन पडद्याच्या आधीच हवा, कारण क्लोरीन पडद्याला खातं. शेवटच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचा आकडा, शून्य आला पाहिजे. तो १-२ दाखवू लागला की रेझिन बदला. पिण्याच्या पाण्याच्या काही यंत्रांत चवीसाठी क्षार पुन्हा मिसळले जातात. ते पाणी इथे चालत नाही.

मीठ प्रवाळ-टाकीसाठी बनवलेलंच घ्या. लिटरला साधारण ३७ ग्रॅम लागतं, म्हणजे आपल्याला पहिल्यांदा १४ किलो. पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका. दाट मिठात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. पंप लावून ढवळा, २५ अंशांवर आणा आणि मग मोजा: दर हजारी ३५, विशिष्ट गुरुत्व १.०२६४. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजायचं यंत्र, ३५च्या प्रमाणित द्रावणाने जुळवा. साध्या शुद्ध पाण्याने शून्यावर जुळवलेलं यंत्र नेमकं ३५पाशी चुकू शकतं.

खडक आणि थांबण्याचे आठवडे

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जकार्तातल्या ली चिन एंग यांनी समुद्रातून आणलेला जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकीत प्रवाळ जगवून दाखवले. त्या खडकाच्या सच्छिद्र पोटात राहणारे जिवाणू आजही आपला खरा फिल्टर आहेत. हल्ली कोरडा अरॅगोनाइट खडक घेऊन त्यात जिवाणू वसवणं मला जास्त पटतं. त्यातून नको असलेले पाहुणे येत नाहीत.

तीसेक किलो खडक पुरतो. त्याची भिंत रचू नका. दोन सुटे डोंगर, मध्ये दरी, मागच्या काचेपासून हाताचा तळवा फिरेल एवढं अंतर. खडक आधी तळाच्या काचेवर बसवा आणि वाळू नंतर टाका, नाहीतर वाळू उकरणारा मासा एके दिवशी डोंगर खाली आणतो. जोडांना ॲक्रिलिकच्या काड्या आणि इपॉक्सी लावा. वाळू एक-दोन मिमी दाण्याची, तीन सेंमी थर.

मग अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाखांत दोन भागांवर) आणा आणि बाटलीतले जिवाणू सोडा. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. घातलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्यावर येऊ लागला आणि नायट्राइटही उरला नाही की टाकी सायकल झाली, म्हणजे जीव सोडण्याजोगी झाली. चार ते सहा आठवडे धरा. या काळात दिवे लावू नका, त्याने फक्त शेवाळ वाढतं.

यानंतरचे दोन-तीन महिने दिसायला वाईट असतात. आधी तपकिरी डायटम, मग हिरवे केस, कधी लालसर सायनोबॅक्टेरियाचा पापुद्रा. घाबरून नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणणं ही इथली सगळ्यांत महाग पडणारी चूक. पोषकद्रव्यं संपली की डायनोफ्लॅजेलेट हे चिवट सूक्ष्मजीव जागा घेतात, आणि त्यांच्यापेक्षा केसाळ शेवाळ परवडलं. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ठेवा. ट्रोकस आणि टर्बो गोगलगायी सोडा, हाताने उपटा, थांबा.

दिवे आणि प्रवाह

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात आणि त्याचं बरंचसं अन्न तीच बनवतात. म्हणून दिवा वॅटवर न निवडता, प्रवाळापर्यंत पोचणाऱ्या उजेडाच्या ‘पार’ (PAR, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेड) या मापावर निवडा. मऊ प्रवाळांना ७५ ते १५०, मोठ्या पॉलिपच्या कठीण प्रवाळांना साधारण तेवढाच, ॲक्रोपोरासारख्या बारीक पॉलिपच्या कठीण प्रवाळांना २०० ते ३५०. पार मीटर काही दिवसांसाठी कुणाकडून मागून आणा आणि वाळूपासून शिखरापर्यंत मोजून नकाशा काढा. निम्म्या तेजाने सुरू करून महिनाभरात वाढवा. दिवसाला आठ-नऊ तास पुरेत. कमी उजेडाने प्रवाळ हळूहळू तपकिरी होतो, जास्त उजेडाने आठवड्यात पांढरा पडतो.

प्रवाहासाठी टाकीत दोन वेव्हमेकर (प्रवाह-पंप) समोरासमोर लावा. मिळून तासाला टाकीच्या वीस ते चाळीस पट पाणी हलायला हवं, पण कुठल्याही प्रवाळावर सरळ धार नको.

जीव सोडताना

आधी मासे, तेही थोडे. प्रत्येक मासा निदान चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवून मग आत घ्या. पांढऱ्या ठिपक्यांचा क्रिप्टोकॅरियन हा परजीवी मुख्य टाकीत शिरला तर तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही, प्रवाळ मरतात. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी ७६ दिवस माशांविना ठेवण्याची रीत आहे. खडकांतून मासे पकडताना चार आठवडे किती कमी होते ते समजतं. शांत मासे आधी, भांडखोर शेवटी.

पहिले प्रवाळ म्हणून मश्रूम आणि लेदर हे मऊ, नंतर डंकन आणि युफिलिया हे मोठ्या पॉलिपचे कठीण. युफिलिया रात्री लांब दंशतंतू सोडतात, म्हणून चारही बाजूंना वीतभर मोकळी जागा ठेवा. प्रत्येक तुकडा डिप करा, म्हणजे कीड घालवणाऱ्या द्रावणात बुडवून काढा, आणि मूळ प्लग (तुकडा चिकटवलेली छोटी खुंटी) काढून नव्यावर लावा, कारण ऐपटेझिया हे उपद्रवी समुद्रफूल आणि किड्यांची अंडी प्लगवरच येतात.

झोअँथस आणि पॅलिथोआ या लोकप्रिय मऊ प्रवाळांबद्दल एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. त्यांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. ते कापताना हातमोजे आणि चष्मा घाला, हवा खेळती ठेवा, आणि ते चिकटलेला खडक कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याने धुऊ नका. वाफेतून ते विष घरातल्या सगळ्यांच्या श्वासात जातं.

कॅल्शियम आणि अल्कलिनिटी

प्रवाळ वाढू लागले की पाण्यातून सांगाड्याचं सामान काढून घेतात. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) ८ ते ९ डीकेएच या एककात, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १३०० ते १३५० पीपीएम या जागी धरून ठेवायचं. यांत सगळ्यांत आधी हलते ती अल्कलिनिटी, म्हणून तीच सारखी मोजा.

समजा सोमवारी ८.६ होती आणि काहीही न घालता गुरुवारी ७.७ आली. रोजचा खर्च ०.३. आपल्या ३८० लिटरमध्ये तेवढी भरून काढायला रोज साडेतीन ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. सांगाडा बनताना दर २.८ डीकेएचमागे सुमारे २० पीपीएम कॅल्शियम जातं, म्हणजे त्याच दिवशी कॅल्शियम २ पीपीएमने उतरलं. त्यासाठी कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ३ ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून, वेगवेगळ्या वेळी, जोराच्या प्रवाहात घाला. एकत्र आले की जागच्या जागी चुना बनतो. सोडा हाताने घालून आकडा स्थिर झाल्यावरच डोसिंग पंप (ठरलेली मात्रा आपोआप घालणारा) घ्या. काही चुकून अल्कलिनिटी फार खाली गेलेली आढळली तरी दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त वर आणू नका.

ॲक्रोपोरा कधी? टाकी वर्षाची झाली, अल्कलिनिटी सलग दोन महिने ०.५ च्या आत राहिली आणि काचेवर जांभळं कोरलाइन शैवाल पसरू लागलं, की एक लहान तुकडा आणा. एकच. त्याचं टोक पांढरट राहून वाढत असेल तर सहा आठवड्यांनी दुसरा.

तोवर तेच जांभळं शैवाल रिटर्न पाइपावरही चढलेलं असतं आणि हवेसाठी पाडलेलं छोटं भोक बुजवत असतं. म्हणून दर तीन महिन्यांनी भोकात टूथपिक फिरवा, मुख्य स्विच बंद करा आणि संपासमोर बसून पाणी उतरताना पाहा. ते मार्करच्या वरच्या रेघेवर थांबलं पाहिजे. रेघेच्या वर गेलं तर स्विच लावण्याआधी भोक पुन्हा तपासा, रिटर्नचं तोंड साफसफाईत खाली वळलं आहे का ते बघा, आणि संपात कुणी जास्तीचं पाणी भरून ठेवलंय का ते विचारा.